चाचप्याचा हात आणि पंखाची कड

विमान किती वेगानं जाणार, हे कोण ठरवतं? सांगा पाहू.

इंजिन म्हणालात ना? मीही तेच म्हणाले होते. तेव्हा चाचप्यानं माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. कपाळावरचा घाम मनगटानं पुसत म्हणाला, "अर्धं उत्तर दिलंत, ताई. अर्ध्या उत्तरावर कुणी पास करत नाही."

मला राग आला. तो यायला फार वेळ लागत नाही, हे आपली ही कामगारांची पत्रिका वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शाळेनं मला सातवीत घरी पाठवलं. पुढचं सगळं, कायद्याची कलमं काय नि डॉक्टरांचे रिपोर्ट काय, मी स्वतः अक्षर अक्षर लावून शिकले. मग विमानानं काय घोडं मारलंय? म्हटलं, "सांग मग उरलेलं अर्धं."

त्यानं सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण त्या उरलेल्या अर्ध्यापायी या माणसाचे दोन्ही हात गेले.

गेले म्हणजे तुटले नाहीत. जागेवर आहेत. दहाही बोटं, नखं नीट कापलेली. फक्त त्यांना काही कळत नाही.

विमानतळाच्या मागच्या बाजूला दुरुस्तीचा हँगर आहे. आत एका वेळी दोन विमानं मावतात. मोठी नव्हेत, चाळीस-पन्नास माणसं नेणारी, पंखावर पंखे फिरतात तसली. रंग सोलायचा, खड्डे पुट्टीनं भरायचे, घासायचं, परत रंगवायचं, असं काम. चाचप्या तिथं बावीस वर्षं होता. कागदावर त्याचा हुद्दा 'पृष्ठभाग सहायक'. करायचा काय, तर चाचपायचा. रंगारी रंग मारून गेला, रंग वाळला, की हा मचाणावर चढणार आणि पंखाच्या पुढच्या कडेवरून, जी कड हवेला आधी भिडते तिच्यावरून, मुळापासून टोकापर्यंत तळहात फिरवत जाणार. कुठे पुट्टीचा कण, कुठे वर आलेला रिव्हेटचा खिळा, कुठे टेप लावून रंगवल्यावर राहते ती रंगाची बारीक पायरी. डोळ्यांना दिसत नाही, बॅटरीच्या उजेडातही चकवते. तळहाताला कळते. सापडलं की खडूनं गोल करायचा, घासायला लावायचं. दोन्ही पंख झाल्यावर म्हणायचं, "जाऊ द्या." त्यानं "जाऊ द्या" म्हटल्याशिवाय मुकादम कागद पुढे सरकवत नसे.

त्याची बायको इस्त्रीचं दुकान चालवते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक लांब टेबल, खिडकीतून कपडे आत-बाहेर. लग्नात कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, जोडा चांगला जमलाय, दोघांचा धंदा एकच, सुरकुत्या काढायच्या. वहिनी हे मला सांगताना हसल्या नाहीत. पूर्वी हसत असाव्यात.

आता ते अर्धं उत्तर.

"सायकल चालवलीय ना, ताई?" चाचप्या म्हणाला. "सपाट रस्ता, वारा नाही. पायडल सारख्या जोरानं मारायचं. आधी वेग वाढतो. वाढता वाढता हवा छातीला लागायला लागते. मग एका जागी वेग वाढायचाच बंद होतो. पायडल तेवढंच चाललंय, तरी नाही वाढत. का?"

"दमतो माणूस."

"दमला नाही. जोर तेवढाच आहे. तुम्ही पुढं रेटताय तेवढंच हवा मागं रेटतेय. बरोबरी झाली."

"बरोबरी झाली तर थांबायला पाहिजे की!"

"सगळे हेच म्हणतात," तो म्हणाला. पहिल्यांदाच जरासा खुलला. "मीपण म्हणालो होतो. चष्मेवाले साहेब होते आमच्याकडे, इंजिनियर. त्यांनी धुळीनं भरलेल्या पंखावर बोटानं दोन बाण काढून दाखवले. एक पुढं, इंजिनाचा रेटा. एक मागं, हवेची अडवणूक. दोन्ही सारखे झाले की विमान थांबत नाही. ज्या वेगाला असेल त्याच वेगानं जात राहतं. वाढत नाही, कमी होत नाही. आणि वेग दुप्पट करायला गेलात तर अडवणूक चौपट होते. म्हणून नुसतं इंजिन मोठं करून भागत नाही."

"मग तुझा हात कुठं आला यात?"

"कड खरखरीत राहिली की हवा जास्त अडवते. मग ती बरोबरी आधीच होते, कमी वेगावर. इंजिन बिचारं तेवढंच रेटतंय. म्हणजे वेग दोघं ठरवतात. मागून इंजिन, पुढून हवा. इंजिनाच्या बाजूला शंभर माणसं. हवेच्या बाजूला मी."

हे त्यानं बढाई म्हणून सांगितलं नाही. सांगताना तो स्वतःच्या तळहाताकडे बघत होता, जसं आपण बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतो, सवयीनं.

आता हँगरची एक पद्धत नीट समजून घ्या. सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. रंग सोलायचं रसायन, पुसायचं थिनर, दोन्ही अंगाला लागू नये म्हणून जाड हातमोजे घालायचा नियम आहे. दारात वही आहे. रोज सकाळी 'हातमोजे घातले' या रकान्यात सही केल्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि हातमोजा घालून रंगाची पायरी कळत नाही. कधीच नाही. मग करायचं काय? सही करायची, हातमोजे घालून आत जायचं, मचाणावर चढायचं, हातमोजे काढून कमरेला खोचायचे. थिनरच्या ओल्या फडक्यानं कड पुसायची आणि उघडा हात फिरवायचा. सगळे असंच करायचे. मुकादम खालून बघायचा आणि कानाडोळा करायचा. क्वचित वरून साहेब आले की ओरडायचा, "हात झाका रे!" सगळे हात झाकायचे. साहेब गेले की उघडायचे.

बावीस वर्षं सही. बावीस वर्षं थिनर.

आधी बोटांची टोकं गेली. हिवाळ्यात गारठतात तशी वाटायची, पण उन्हाळ्यातही. मग पायांची बोटं. एकदा तो दुकानातून दूध घेऊन घरी आला, तर वहिनी म्हणाल्या, "एक चप्पल कुठंय?" त्यानं खाली बघितलं. डावा पाय उघडा होता. चप्पल कुठल्यातरी वळणावर निसटली होती आणि पायानं त्याला कळवलंच नव्हतं. दोघं शोधायला गेली. सापडली.

कामावर त्यानं युक्त्या काढल्या. बोटं गेली तर तळहात. तळहात गेला तर हाताची मागची बाजू. मग मनगटाची आतली बाजू. शेवटी गाल. मचाणावर ओणवा होऊन पंखाच्या कडेवरून गाल फिरवत जायचा.

"अरे, चाचप्या विमानाचा मुका घेतोय!" रंगारी खालून ओरडायचा. "वहिनीला सांगू काय?"

"सांग. ती म्हणेल, घे बाबा, तिथं तरी दाढी करून जात जा."

सगळे हसायचे. हा रंगारी त्याचा पंधरा वर्षांचा सोबती. एका डब्यात जेवलेले. हसणाऱ्यांना वाटायचं लहर आली असेल. रंगाऱ्याला खरं माहीत होतं. एकदा जेवताना चाचप्याच्या बोटाला डब्याचा पत्रा लागला, रक्त पोळीवर आलं आणि हा खातच होता. रंगाऱ्यानं पोळी बाजूला केली, फडकं दिलं. म्हणाला, "डॉक्टरला दाखव." चाचप्या म्हणाला, "दाखवलं तर कामावरून काढतील." विषय संपला.

घरी कळलं ते इस्त्रीनं. वहिनी खिडकीशी गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. हा टेबलाला हात टेकून उभा. तो हात टेबलावर नव्हता, आडव्या ठेवलेल्या इस्त्रीच्या कडेवर होता. वास वहिनींना आला आधी. त्यांना वाटलं कुणाचा शर्ट जळला.

"मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं," वहिनी मला म्हणाल्या, "तर ते खिडकीबाहेर बघत होते. मजेत."

मग तो दिवस.

मोठे साहेब पाहणीला येणार होते. दिवसभर थांबणार होते. मुकादमानं सकाळीच बजावलं, आज कुणाचा उघडा हात दिसला तर बघा. गाल फिरवायचा तर प्रश्नच नव्हता, चार सुटाबुटातले खाली उभे. चाचप्यानं हातमोजे घालून, नियमाप्रमाणे, डावा पंख आणि उजवा पंख चाचपला. म्हणजे हात फिरवण्याचं नाटक केलं. आणि म्हणाला, "जाऊ द्या."

बावीस वर्षांत त्याची वहीतली सही त्या एका दिवशी खरी होती.

विमान तीन दिवसांनी परत आलं. पडलं-बिडलं नाही, कुणाला खरचटलं नाही. वैमानिकानं लिहून दिलं होतं: इंजिनं ठरल्याप्रमाणे चालवली, पण वेग नेहमीपेक्षा ताशी आठ-दहा किलोमीटर कमी भरतो, आणि विमान जरासं डावीकडे ओढतं. चष्मेवाल्या साहेबांच्या जागी आता नवीन इंजिनियर होते. त्यांनी इंजिनं तपासली. दोन्ही चोख. मग डाव्या पंखाच्या कडेवर हात ठेवला. उघडा. टोकाकडे दोन हात लांब रंगाची पायरी होती. टेप काढल्यावर राहिलेली, वर पुट्टीचे दाणे. एकाच पंखावर हवा जास्त अडवत होती, म्हणून ओढ डावीकडे. आणि बरोबरी आधीच होत होती, म्हणून वेग कमी. अगदी सायकलच्या हिशेबानं.

चौकशी बसली. पायरी ठेवली कुणी? रंगाऱ्यानं. त्याला घरी बसवायचं ठरत होतं. चाचप्याला विचारलं ते नावापुरतं.

त्याला एक वाक्य पुरलं असतं. 'हातमोजे होते, म्हणून कळलं नाही.' ते खोटंही नव्हतं. साहेबांनी मान डोलावली असती, रंगारी गेला असता आणि चाचप्या आणखी वर्षभर गाल घासत राहिला असता.

तो म्हणाला, "पायरी रंगाऱ्याकडून राहतेच, साहेब. प्रत्येक विमानाला राहते. ती पकडायला मी आहे. मला सापडली नाही."

"हातमोजे घातले होते ना?"

"हो. पण नसते घातले तरी सापडली नसती. माझे हात मेलेत."

मी नंतर विचारलं, का बोललास रे? त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की पुरे झालं, बस खाली. कुणी नाही म्हणालं."

रंगारी कामावर राहिला. चाचप्याला घरी पाठवलं.

मग तो माझ्याकडे आला. म्हणजे वहिनींनी आणला. त्याचं मागणं फार नव्हतं. हा आजार कामानं दिला, एवढं सरकारी कागदावर लिहून मिळावं. तसं लिहिलं तर कंपनीला त्याचे उपचार करावे लागतात आणि झेपेल ते दुसरं काम द्यावं लागतं. नाही लिहिलं तर तो नुसता हात बिघडलेला माणूस, गेटबाहेरचा.

कामगार कार्यालयात पहिली तारीख पडली. लांब खोली, भिंतीला फाइलींचे गठ्ठे, पंखा फिरतो पण वारा लागत नाही. कंपनीकडून आलेल्या बाईंनी वह्या आणल्या होत्या. बावीस वर्षांच्या. टेबलावर थप्पी लावली आणि शांतपणे म्हणाल्या, "यांच्या स्वतःच्या सह्या आहेत. रोज हातमोजे घातले. रसायन हाताला लागलंच नाही, मग आजार कामाचा कसा?"

मी म्हटलं, "सगळे काढायचे. सगळ्यांना माहीत होतं."

"मग त्यांनी नियम मोडला. आणि खोट्या सह्या केल्या. तसं लिहून द्या."

बघा कशी गाठ मारलीय. घातले म्हणा, आजार घरचा. काढले म्हणा, चूक तुमची. दोन्हीकडून दार बंद आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. मी टेबलावर हात आपटला. समोरचे कामगार अधिकारी म्हणाले, "ताई, आवाज खाली."

"खाली केला की तुम्हाला ऐकू येत नाही!"

कंपनीच्या डॉक्टरला तिथंच चाचणी करायची होती. त्यानं चाचप्याला डोळे मिटायला सांगितले, सुई काढली आणि बोटाच्या टोकाला टोचली. "काही कळलं?" "कधी टोचताय?" चाचप्या म्हणाला. दुसरं बोट. तिसरं. वहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला. पाच बोटं झाली. डोळे उघडल्यावर चाचप्यानं हाताकडे बघितलं. तीन बोटांवर रक्ताचे थेंब आले होते. मला वाटलं, आता तरी हा ओरडेल. तो म्हणाला, "पुसायला काही आहे का? कागदावर पडेल."

अधिकाऱ्यांनी दोन गोष्टी लिहिल्या. एक: हात बधिर आहेत, हे मान्य. दोन: कामामुळे झाले याला पुरावा नाही, उघड्या हातानं काम चालत असे, हे सांगणारा दुसरा कुणी असल्यास पुढच्या तारखेला हजर करावा.

मी रंगाऱ्याच्या घरी गेले. त्यानं दार अर्धंच उघडलं.

"ताई, माझं नाव घेऊ नका."

"तुझी नोकरी त्याच्यामुळे टिकलीय."

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "टिकलीय ती घालवू कशी?" त्याच्या तोंडाकडे बघून मला शिवी देता आली नाही. आधी द्यायचा विचार होता. त्यानं आत जाऊन एक पिशवी आणली. "त्याचा डबा राहिला होता कामावर. एवढा द्या." आणि दार लावलं. दार लावताना त्याची करंगळी फटीत आली होती. त्याला ती काढायला जरा उशीर झाला. चटकन कळलं नाही त्याला. मी बघितलं. त्यानंही बघितलं.

चाचप्या आणि वहिनी गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या गाडीत थांबली होती, परत येताना आम्ही तिघं त्याच गाडीतून आलो. मी पुढे, ती दोघं मागे. रस्ता मोकळा होता. चाचप्यानं खिडकीची काच खाली केली आणि हात बाहेर काढला.

"मुलगी लहान असताना तिला असं शिकवायचो," तो म्हणाला. "हात आडवा धर, सुरीसारखा. वारा काहीच करत नाही. आता उभा धर, तळहात पुढं. बघ कसा ढकलतो मागं. तीच गाडी, तोच वेग, तोच हात. नुसता फिरवायचा."

त्यानं तळहात वाऱ्यासमोर धरला. हात मागे गेला. त्यानं परत पुढे आणला.

"लागतो का वारा?" वहिनींनी विचारलं.

"खांद्याला कळतं काहीतरी ढकलतंय ते. हाताला नाही."

वहिनींनी त्याचं मनगट धरून हात आत घेतला आणि काच वर केली. मांडीवर ठेवलेला हात त्यांनी धरून ठेवला. तो खिडकीबाहेर बघत होता. त्या धरून आहेत हे त्याला ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी पुढे तोंड करून बसले.

डबा मी अजून दिलेला नाही.

त्यांच्या घरी आता सगळं चाललंय तसंच चाललंय. वाढत नाही, कमी होत नाही. सकाळी वहिनी इस्त्री तापवतात, ओल्या बोटानं चर्र करून बघतात. तो कपड्यांच्या घड्या घालतो. घडी जमते, डोळ्यांनी बघून जमते. गिऱ्हाइकं म्हणतात, बरं झालं, घरी मदतीला माणूस आला. दुपारी विमान जातं डोक्यावरून. तो मान वर करत नाही. एकदा मात्र मी बसले असताना म्हणाला, "हे आमच्या हँगरमधनं रंगवून गेलेलं. आवाजावरून."

आणि परत घडी.

पुढची तारीख येत्या मंगळवारची आहे. अकरा वाजता, कामगार कार्यालय, पहिल्या मजल्यावरची लांब खोली. आपली ही पत्रिका हँगरच्या कॅन्टीनमध्ये पाण्याच्या टाकीमागे ठेवली जाते, हे मला माहीत आहे, कारण तिथं ती मीच पोचवते. म्हणजे तुम्ही वाचताय. मचाणावर चढलेले, हातमोजे कमरेला खोचलेले, "हात झाका रे" ऐकून हात झाकलेले. रंगारीदादा, तूही वाचतोयस. तुझी करंगळी कशी आहे, हे मी विचारत नाही.

मला भाषण नको, मोर्चा नको. ज्याला यायला जमेल त्यानं यावं. ज्याला नाही जमणार त्याच्यासाठी या पानाची मागची बाजू कोरी सोडलीय, तिथं त्यानं एवढंच लिहावं: 'आम्ही हातमोजे काढून काम करत होतो आणि मुकादमाला ते दिसत होतं.' खाली सही करा, आणि पान फाडून वहिनींच्या इस्त्रीच्या खिडकीतून आत टाका. मंगळवारच्या आत.